मिटणारा डबा काठातून गळतो: झाकण बदलण्याआधी काय काय तपासायचं

सिलिकॉनचे मिटणारे डबे, म्हणजे रिकामे झाले की दाबून चपटे करायचे आणि ड्रॉवरमध्ये सरकवायचे ते, मी भोसरीतल्या एका लहान शेडमध्ये बनवते. वर्षानुवर्षं तक्रार एकच येते: "झाकण घट्ट लावलं तरी गळतं." तक्रार घेऊन येणाऱ्याच्या हातात फक्त झाकण असतं, डबा घरी राहिलेला. आणि दोष बहुतेक वेळा निघतो डब्याच्या काठात. मग परत एक हेलपाटा.

तो हेलपाटा वाचावा म्हणून हे लिहितेय. सुरुवातीच्या तपासण्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर होतात, त्यांना पैसे लागत नाहीत. शेवटच्या तपासण्या असे डबे स्वतः बनवू पाहणाऱ्यांसाठी आहेत. इतरांनी तिथे थांबलं तरी चालेल.

लक्षणं

- डबा आडवा झाला की आमटीचा ओघळ येतो, आणि बहुधा एकाच जागेवरून.
- एका बाजूची क्लिप दाबली की समोरची सुटते.
- रात्री गरम भाजी घालून बंद केलेला डबा सकाळी बघावा तर गाल बसलेले, झाकण उघडता उघडत नाही. नाहीतर एका कोपऱ्यात उचललेलं.
- गळत अजिबात नाही, पण चिवडा दोन दिवसांत सादळतो.
- धुतला तरी लसणाचा वास जात नाही.
- थेंब काठाशी नसून खाली, घडीच्या रेषेत दिसतो.

पहिली तीन लक्षणं एकाच घरातली. चिवड्याचा आजार वेगळाच आहे, त्याबद्दल पुढे. आणि घडीत थेंब दिसत असेल तर मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा, कारण त्यावर इलाज नाही.

सगळ्यात आधी वर्तमानपत्र

डबा निम्मा गार पाण्यानं भरा, झाकण लावा, क्लिपा बसवा आणि वर्तमानपत्रावर उलटा करून दहा मिनिटं ठेवा. कागद जिथे भिजला त्या जागी डब्यावर आणि झाकणावर पेनानं एकेक खूण करा. आता झाकण काढून अर्धा फेरा फिरवून लावा आणि पुन्हा उलटा करा.

गळती झाकणाबरोबर फिरली तर दोष झाकणाचा किंवा त्याच्या खोबणीतल्या मऊ सिलिकॉनच्या रिंगचा. झाकण फिरलं तरी गळती आहे तिथेच राहिली तर दोष काठाचा. चारही बाजूंनी सारखंच भिजलं तर रिंग थकलीय. आणि दर वेळी भलत्याच जागी भिजत असेल तर काठाभोवतीची प्लॅस्टिकची चौकट सैल झाली असण्याची शक्यता मोठी.

झाकण बिजागरीचं असेल आणि फिरवता येत नसेल तर फ्रिजच्या दारात नोट अडकवून बघतात तसं करा. कागदाची बोटभर रुंद पट्टी झाकणाखाली धरून बंद करा आणि ओढा. जिथे ती अलगद निसटते तिथे रिंग दबतच नाहीये. ही दहा मिनिटं घालवली नाहीत तर पुढची प्रत्येक तपासणी अंदाजानं करावी लागते, म्हणून ही कधीच गाळत नाही.

रिंग काढून धुवा

हसू नका, पण शेडमध्ये आलेल्या डब्यांपैकी कितीतरी इथेच बरे होतात. तीन मिलिमीटर जाडीची रिंग झाकण लावल्यावर अर्धा ते पाऊण मिलिमीटर दबते, एवढ्यावर सगळा खेळ असतो. मोहरीचा दाणा त्याहून मोठा. खोबणीत एक मोहरी अडकली की तिच्या दोन्ही बाजूंना रिंग उचललेली राहते आणि आमटीला तेवढी फट पुरते.

रिंग चमच्याच्या दांड्यानं उचला. सुरी नको, तिचा बारीक चरा म्हणजे पुन्हा गळती. खोबण जुन्या टूथब्रशनं घासा, रिंग पूर्ण वाळू द्या आणि मग बसवा. ओली बसवली तर आत काळे ठिपके धरतात. बसवताना आधी चारही कोपरे दाबायचे, मग मधला भाग. एका टोकापासून ओढत ओढत गेलं की रिंग ताणली जाते आणि शेवटी उरलेला भाग फुगून वर येतो. रिंगला एका बाजूला पातळ ओठ असेल तर तो काढण्याआधी कुठे बघत होता ते लक्षात ठेवा. उलटी बसलेली रिंग दिसायला अगदी नीट दिसते.

घट्ट बसावी म्हणून रिंगला तेल किंवा ग्रीस लावू नका. तेल सिलिकॉनमध्ये मुरतं आणि रिंग फुगते. सिलिकॉन ग्रीस तर सिलिकॉनच्या रिंगला आणखी वाईट.

प्रत्येक घडी उघडली का?

डब्याला तीन पायऱ्या असतील तर तिन्ही पूर्ण उघडायला हव्यात. घाईत तळ दाबला की दोन उघडतात आणि तिसरीचा एखादा कोपरा आत अडकून राहतो. मग काठ त्या बाजूला किंचित कलतो आणि झाकण तिथेच उचललं जातं. आतून अंगठा तळापासून वर गोल फिरवा, अडकलेला कोपरा 'टक्' करून बाहेर येतो.

भरलेला डबा काठाला धरून उचलायचीही एक वाईट सवय असते. खाली अर्धा लिटर आमटी लोंबकळते आणि वर काठ ताणला जातो. तळाला हात द्या.

गरम गरम बंद केला होता का?

या एका प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण घरोघरी खरी गोम इथेच असते.

८० अंशांच्या भाजीवर जी हवा असते तिच्यात जवळजवळ निम्मा दाब पाण्याच्या वाफेचा असू शकतो. तशीच बंद केली की गार होताना ती वाफ पाणी होऊन झाकणाला चिकटते आणि आतला दाब उतरतो. स्टीलच्या किंवा काचेच्या डब्याला त्याचं काही वाटत नाही, झाकण फक्त जास्त घट्ट बसतं. आपला डबा मात्र मुळात मिटण्यासाठीच बनवलाय. हातानं थोडं दाबलं की मिटावा अशी त्याची रचना, तर बाहेरची हवा तेच काम रात्रभर करत बसते. गाल आत ओढले जातात, काठही त्यांच्याबरोबर आत येतो आणि लांब बाजूच्या मध्यावर रिंग काठाला सोडते. तिथून हवा आत शिरली की डबा परत फुगतो. सकाळी सगळं ठीकठाक दिसतं, फक्त फ्रिजच्या कप्प्यात रस्सा सांडलेला असतो.

गोल डबा हे सोसतो, कारण गोल काठ सगळीकडून सारखा दाबला जातो. आयताकृती डब्याची लांब बाजू पट्टीसारखी वाकते. म्हणून रस्सा-आमटीसाठी मिटणारा डबा घ्यायचाच असेल तर गोल घ्या, हे मी माझेच आयताकृती डबे विकत असताना सांगते.

इलाज फुकटचा आहे. झाकण तिरकं टेकवून वीस-पंचवीस मिनिटं वाफ जाऊ द्या, मग बंद करा. झाकणाच्या मध्यावर छोटं बूच असेल तर ते उघडं ठेवून झाकण लावा आणि गार झाल्यावर बूच दाबा. मायक्रोवेव्हमध्ये ठेवतानाही बूच उघडंच.

पण 'गार होऊ द्या' याचा अर्थ भात रात्रभर ओट्यावर ठेवा असा घेऊ नका. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत तो फ्रिजमध्ये गेला पाहिजे. बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवून मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात, आणि त्यांचं उलट्या करवणारं विष भात परत गरम केला तरी टिकून राहतं. डबा गळलेला परवडला.

याच्या उलट प्रकार विमानात होतो. केबिनमधला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढाच ठेवतात. पुण्यात भरलेला लोणच्याचा डबा बॅगेत फुगतो, झाकण उचलतं आणि मुलीच्या साड्यांना तेल लागतं. परदेशी न्यायचं लोणचं मिटणाऱ्या डब्यात भरू नका. आत रिकामी हवा कमीत कमी राहील असं भरलं तरीही.

चौकट आणि काठ

बऱ्याच डब्यांच्या मऊ काठाला बाहेरून कडक प्लॅस्टिकची चौकट असते. ती एका हातात धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं काठ आतल्या बाजूला ढकलत गोल फिरा. काठ कुठे चौकटीतून निसटत असेल तर कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवून परत आत बसवा. रिंग वरून दाबते तेव्हा काठानं खालून रेटा द्यायचा असतो, आणि मऊ सिलिकॉनला तो रेटा एकट्याला देता येत नाही. देते ती चौकट. ती सैल असेल तर वरून नवीकोरी रिंग घातली तरी उपयोग नाही.

झाकण वाकडं झालंय का?

झाकण ग्रॅनाइटच्या ओट्यावर उलटं ठेवा, म्हणजे काठाची बाजू खाली, आणि कोपरे आळीपाळीनं दाबा. डुगडुगलं तर वाकलंय. किती वाकलंय ते बघायला एटीएम कार्ड घ्या, त्याची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. साधा कागद फटीत शिरला तर चिंता नको. कार्ड शिरलं तर रिंगची दबण्याची सगळी जागा त्या फटीनंच खाल्ली, ते झाकण गेलं.

बहुतेक झाकणं पॉलिप्रॉपिलीनची असतात, खाली त्रिकोणात ५ हा आकडा बघा. वितळायला त्याला १६० अंशांच्या आसपास लागतात, पण उकळत्या पाण्यात टाकून वर वजन पडलं की ते त्याआधीच आकार सोडतं. सिलिकॉनचा डबा उकळला तर चालतो, म्हणून लोक झाकणही उकळतात. गरम पाण्यातून काढून दोन पाटांमध्ये दाबून ठेवायचा उपाय मी करून पाहिलाय. कधी जमतो, कधी झाकण दुसऱ्याच बाजूला वाकतं.

रिंग थकली असेल तर

वर्षभर दाबलेली रिंग दबलेलीच राहते. काढून एक दिवस मोकळी ठेवा. दुसऱ्या दिवशी वरची बाजू गोलाकार दिसायच्या ऐवजी सपाट, चकचकीत दिसत असेल तर नवी घ्या. तीही शक्यतो त्याच डब्यासाठी बनवलेली, कारण अर्धा मिलिमीटर जाड रिंगनं झाकण लागत नाही आणि क्लिप तुटते. खोबणीत दोरा घालणं, नळाची पांढरी टेप गुंडाळणं, हार्डवेअरच्या दुकानातल्या सिलिकॉनच्या ट्यूबनं फट भरणं, हे तिन्ही माझ्याकडे आलेलं आहे. त्या ट्यूबा न्हाणीघराच्या फरशीसाठी असतात, बऱ्याच ट्यूबांमध्ये बुरशीनाशक असतं. अन्नाच्या डब्याला ते लागायला नको.

डबा रिकामा मिटून ठेवताना झाकण नुसतं वर ठेवा, क्लिपा लावू नका. रिंगचं आयुष्य त्यानं बरंच वाढतं.

न गळणाऱ्या डब्यात चिवडा का सादळतो

एका दिवाळीत मी कौतुकानं घरचा सगळा चिवडा माझ्याच डब्यांत भरला. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मूठभर तोंडात टाकला.

"आई, डबा हवाबंद आहे हो."

"असेल गं. चिवड्याला ठाऊक नाही ते."

वर्तमानपत्राच्या चाचणीत तो डबा कोरडा निघाला होता. चूक रिंगची नव्हती, सिलिकॉनची होती. हा पदार्थ पाणी अडवतो, पण पाण्याची वाफ आणि ऑक्सिजन त्याच्यातून पॉलिथिनच्या शेकडो पटींनी सहज जातात. याच गुणामुळे सिलिकॉन हायड्रोजेलच्या कॉन्टॅक्ट लेन्समधून डोळ्याला ऑक्सिजन मिळतो. मिटणाऱ्या डब्यात भर म्हणजे घडीची रेषा मुद्दाम पातळ ठेवलेली असते. पावसाळ्यात अशा डब्यातली शेव सादळणारच, कितीही चांगली रिंग घाला. फराळाला स्टील, काच किंवा जाड पॉलिथिन-पॉलिप्रॉपिलीनचा डबा. अर्ल टपर यांनी १९४० च्या दशकात रंगाच्या डब्याच्या झाकणावरून आपलं घट्ट झाकण बेतलं, पण त्यांच्या डब्याची भिंत पॉलिथिनची होती हे विसरून चालत नाही.

वासाचंही हेच. तेल आणि वास सिलिकॉनच्या आत मुरतात, घासून निघत नाहीत. झाकण, रिंग आणि प्लॅस्टिकची चौकट काढून नुसता डबा १२० अंशांच्या ओव्हनमध्ये वीस मिनिटं ठेवला की बराच वास जातो. चौकट निघत नसेल तर ओव्हन नको, दोन-चार दिवस उन्हात ठेवा. हळदीचा डाग तर उन्हातच उतरतो.

तुम्ही स्वतः डबा बनवत असाल तर

इथून पुढे तपासणी महाग होत जाते, कारण प्रत्येक दुरुस्ती म्हणजे साच्याला हात.

आधी काठाचा रेटा बघा. रिंग ३० ते ४० शोअर (शोअर ए, म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) आणि काठ ५० ते ६० शोअर, तरी चौकटीशिवाय लांब बाजू वाकणारच. मग खोबण. सिलिकॉन दाबलं तर आकसत नाही, फक्त बाजूला सरकतं, म्हणून त्याला सरकायला खोबणीत जागा लागते. रिंग १५ ते ३० टक्के दबायला हवी आणि दबल्यावरही खोबणीत थोडी मोकळी जागा उरायला हवी. खोबण गच्च भरली तर झाकण बसत नाही, आणि कामगार ते जोर लावून बसवतात.

साच्याची जोडरेषा रिंग टेकते त्या पृष्ठभागावरून जात असेल तर चित्र परत काढा. तिथे येणारा फ्लॅश, म्हणजे जोडातून बाहेर आलेला सिलिकॉनचा पातळ पापुद्रा, नखाला जेमतेम लागेल एवढा असतो, गळायला तेवढा पुरतो.

आकुंचनाचा धडा मी पैसे मोजून शिकले. साच्यातून निघालेल्या डब्यांची मापं घेतली, त्यावर चौकटी कापल्या, सगळं छान बसलं. मग सिलिकॉन पूर्ण पक्कं व्हावं म्हणून डबे २०० अंशांना चार तास भट्टीत गेले. साच्यातलं दोन-तीन टक्के आकुंचन मी धरलं होतं, भट्टीनंतरचं अर्धा टक्का नाही. १८० मिलिमीटरच्या बाजूवर ते जवळजवळ एक मिलिमीटर भरलं. सगळ्या चौकटी सैल, आणि वर्तमानपत्रावर दर वेळी वेगळ्या जागी डाग. आता चौकटीचं माप भट्टीतून निघालेल्या, पूर्ण गार झालेल्या तुकड्यावरच घेते.

घडीबद्दल एकच. डिझाइनची मुलं मिउरा घडीची, म्हणजे एका ओढीत अख्खा कागद उघडतो-मिटतो त्या जपानी घडीची, कागदी मॉडेल्स घेऊन येतात. ती घडी सुंदर आहे, १९९५ मध्ये जपानच्या उपग्रहावरचं सौर पॅनेल त्या पद्धतीनं उघडलं. पण डब्यात जिथे चार घड्या एका बिंदूला मिळतात तिथे काही महिन्यांत भोक पडतं. डब्यासाठी वाकणाऱ्या स्ट्रॉसारख्या गोल पायऱ्याच बऱ्या: भिंत दोन मिलिमीटर, घडी एक मिलिमीटरच्या आसपास आणि घडीच्या तळाला गोलाई. टोकदार घडी तिथेच चिरते.

इथे थांबा

घडीच्या रेषेत थेंब दिसतोय, चीर पडलीय किंवा सिलिकॉन धुऊनही चिकट लागतंय, तर तो डबा अन्नासाठी संपला. चिकटवायचा नाही. बिया ठेवायला वापरा.

साच्यावर फ्लॅश येतोय किंवा झाकणं साच्यातूनच वाकडी निघतायत, तर स्वतः पॉलिश पेपर घेऊन डाय घासू नका. रिंग टेकते ती बाजू एकदा गोलावली की डाय पुन्हा भरून घ्यावी लागते. साचे बनवणाऱ्या चांगल्या टूल रूमकडे जा. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, प्लॅस्टिकच्या प्रश्नांसाठी तिथेच सिपेट ही केंद्र सरकारची संस्थाही आहे.

माल अन्नासाठी योग्य आहे का अशी शंका असेल तर ती घरी सुटत नाही. चिमटा काढून पांढरी रेघ उठते का बघायची (उठली तर मालात भेसळ) ही युक्ती सगळीकडे सांगतात. रंगीत सिलिकॉनमध्ये तिच्यावर मी भरवसा ठेवत नाही. विकायचा माल असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या. झाकणाच्या प्लॅस्टिकची चाचणी आयएस ९८४५ या भारतीय मानकाप्रमाणे होते, आणि अन्नात उतरणाऱ्या एकूण द्रव्याची मर्यादा एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०१८ च्या नियमांत किलोला ६० मिलिग्रॅम आहे. सिलिकॉनच्या भागासाठी कोणती चाचणी लागेल ते प्रयोगशाळेला वेगळं विचारा.

आणि दुरुस्तीला येताना झाकण, रिंग, डबा आणि ते डाग पडलेलं वर्तमानपत्र, चारही घेऊन या. गुरुवारी शेड बंद असते.